गावावरून गेलेली लाँच

लाँचमध्ये पाय ठेवणारा माणूस इंजिनाकडे कधी बघायचा नाही, माझ्याकडे बघायचा. आणि विचारायचा, "मिस्त्री, तुमाला पवता येतं ना?"

"न्हाई येत," मी सांगायचो. "म्हणून तर जपून चालवतो."

ह्या उत्तराने माणसं का कोण जाणे, पण निर्धास्त व्हायची. हसायची आणि फळीवर बसायची.

मी मूळचा सोनईचा. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीतलं, तेही वाकून बघितल्यावर दिसलं तर. डिझेल इंजिनं दुरुस्त करणं हा माझा धंदा. मुळा नदीवर धरणाचं काम सुरू झालं तेव्हा खडीच्या क्रशरच्या इंजिनावर लागलो, आणि काम संपत आलं तेव्हा साहेबांनी मला काठाला बांधलेली लाँच दाखवली. ह्या तीरावरून त्या तीराला माणसं आणि सिमेंट नेण्यासाठी ती आणली होती. सपाट बुडाची, लोखंडी, रंग उडालेली, आवाज पिठाच्या गिरणीसारखा. "इंजिन तुझ्या ओळखीचंच आहे," साहेब म्हणाले. "फक्त खाली जमीन नाही."

लाँच चालवणं म्हणजे काय, असं अजून लोक विचारतात. सुकाणू धरणं आठवड्याभरात येतं. इंजिन हँडल मारून चालू करायचं, वंगण बघायचं, मागच्या पंख्यात गवत अडकलं तर लाँच थांबवून कोयत्याने कापायचं. हे झालं यंत्राचं. खरं काम माणसांचं असतं. जड माणसं कुठे बसवायची, लेकुरवाळ्या बाया कुठे, हे ज्याला कळलं त्याला लाँच कळली. पक्षी दिसला की सगळी लाँच एका अंगाला धावते, आणि पाण्याला पक्ष्याची हौस नसते. मी ओरडायला शिकलो तो तिथेच. घरी बायको म्हणायची, "मी काय दुसऱ्या काठावर उभी हाय का?"

काम संपल्यावर लाँच तशीच गंजून गेली असती. पण एके दिवशी राहुरीच्या शाळेतल्या वैद्यबाई मुलींचा वर्ग घेऊन धरण बघायला आल्या. बाई विज्ञान शिकवायच्या. पंचविशीच्या, किरकोळ अंगाच्या, डोक्यावर पुरुषी, रुंद काठाची टोपी घातलेल्या. त्यांनी लाँच बघितली आणि तशाच साहेबांच्या ऑफिसात गेल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा साहेब त्यांच्या मागून येत होते आणि म्हणत होते, "पण जबाबदारी तुमची हं."

त्या दिवसापासून रविवारची सहल सुरू झाली. शाळेच्या मुली आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं एकत्र बसायची. डिझेल ज्या गावाची पाळी त्या गावाने आणायचं. पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्या बाजूला पोचलेला नव्हता. बाई त्याला "तळ्याची शाळा" म्हणायच्या. लोक म्हणायचे, "बाईंची लाँच". चालवत मी होतो, पण असो.

बाईंच्या शाळेत पहिला धडा पाण्याच्या थेंबाचा. तळ्याच्या मध्यावर इंजिन बंद करायचं. वाळूने भरलेल्या दोन पोत्यांवर फळी टाकायची, तिच्यावर शाळेतला सूक्ष्मदर्शक मांडायचा. आरशाने ऊन पकडायचं आणि काचेवर तळ्याच्या पाण्याचा एक थेंब. मग एकेकाने डोळा लावायचा.

एकदा आमच्या सोनईचे अण्णा आले. मोठे बागाईतदार, आवाज मोठा. त्यांनी डोळा लावला आणि मागे सरकले.

"बाई, हे हालतंय की!"

"जिवंत आहेत, अण्णा."

"आन् हेच पानी कालव्यानं आमच्याकडं येनार?"

"हेच. उकळून प्या म्हणजे झालं. पण हे बारके जीव तळ्यात आहेत म्हणून मासे आहेत, मासे आहेत म्हणून पक्षी आहेत. हे मेले तर तळं नुसतं हौद होईल."

काठाला लागताच अण्णा मागे न बघता उतरून गेले. मला वाटलं, हे काही पुन्हा यायचे नाहीत. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी काठावर हजर. धोतराच्या सोग्यात गुंडाळलेली बाटली त्यांनी काढली. "हे माझ्या हिरीचं. बघा बरं, ह्यात किती हायेत."

बाईंनी थेंब टाकला. बघितलं. जरा घुटमळल्या. "अण्णा, ह्यात तळ्यापेक्षा जास्त दिसतायत."

अण्णांनी लाँचभर नजर फिरवली. मिशीवर हात फिरवला. "म्हटलं न्हवतं? आमची हीर पयल्यापासून जिवंत हाय!"

असे नग पुष्कळ. साखर कारखान्याच्या तालमीतला एक पैलवान आला होता. त्याने छताचा खांब दोन्ही हातांनी कवटाळला आणि सबंध सहल डोळे मिटून केली. उतरल्यावर मात्र काठावरच्या लोकांना कोणता पक्षी कसा उडाला ते हात पसरून सांगत होता. बाईंनी त्याला दुरुस्तही केलं नाही. म्हणाल्या, "ऐकलं तरी नीट."

मग दुष्काळ पडला. त्या उन्हाळ्यात खडी फोडायच्या कामावरच्या बाया सुट्टीच्या दिवशी सहलीला यायच्या. त्यांना पक्षी नको, थेंब नको. एक बाई लाँचच्या कडेला बसून जाऊन येईपर्यंत हात पाण्यात सोडून बसायची.  तिला पहिल्यांदा बघितलं त्या दिवशी वैद्यबाईंनी धडा घेतला नाही. मला खुणेने म्हणाल्या, आणखी एक फेरी मारा.

पाणी झपाट्याने उतरत चाललं आणि तळ्यातून जुन्या गोष्टी वर येऊ लागल्या. झाडांची खोडं, बांध, एखादी पडकी भिंत. तळ्याच्या वरच्या अंगाला एक खडकाळ टेकाड उघडं पडलं. चहूबाजूंनी पाणी आणि मध्ये हे बेट. ते यशवंत आबांचं होतं. म्हणजे धरणाआधी होतं. आबांचं सगळं गाव पाण्याखाली गेलं होतं. त्यांना दुसरीकडे जमीन मिळाली, घरही झालं, पण त्यांनी धरणाकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. लाँचचा आवाज आला तरी घरात जाऊन बसायचे म्हणे. सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं की आबा ह्या लाँचमध्ये मेले तरी चढणार नाहीत.

त्यांची बायको हिराकाकू मात्र दर रविवारी यायची. पहिल्या फळीवर, बाईंच्या शेजारी तिची जागा. पाणकावळे, बगळे, रंगीत करकोचे तिला नावाने ठाऊक. मी एकदा विचारलं, "आबा सोडतात कसे?"

"भावाकडं जाते म्हून सांगते," काकू म्हणाली. "भाऊ धरनावरच कामाला हाय. खोटं कुटं बोलले?"

चैत्राच्या सुमाराची गोष्ट. त्या रविवारी लाँच भरलेली होती. मी एका हाताने बांबू टाकून खोली बघत सावकाश चाललो होतो. टेकाड जवळ आलं तसा पक्ष्यांचा कल्लोळ ऐकू आला. पांढुरके पक्षी, डोकं काळं, चोच पिवळीधमक, शेपूट कात्रीसारखं दुभंगलेलं. बाई उठून उभ्याच राहिल्या. "नदीसुरय! एवढे?"

ते सगळे एकाच जागी वरून सूर मारत होते. त्या जागी एक माणूस बसला होता. डोक्यावर उपडी पाटी धरून.

"कोन हाय रं?" कुणीतरी हाक मारली.

पाटी जरा वर झाली. खालून आबा.

लाँचमध्ये एवढा मोठा हशा पिकला की पक्षीही क्षणभर वर गेले. हिराकाकूने मात्र पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि बाईंच्या मागे सरकली.

झालं होतं असं, की टेकाड उघडं पडल्याचं आबांच्या कानावर गेलं. आपली जमीन वर आली, मग पेरायची. कलिंगडाचं बी, कुदळ, पाटी घेऊन ते पहाटेच काहिलीत बसले. काहील म्हणजे गूळ करायची मोठी कढई. आमच्याकडे नदी ओलांडायला ती होडीसारखी वापरतात. वल्हवत टेकाडावर आले आणि काहील नुसती काठाला टेकवून वर गेले. वाऱ्याने ती नेली. तेव्हापासून आबा एकटे, आणि पक्षी शंभर. पटक्याचा एक पदर चोचींनी फाडून लोंबत होता.

मी लाँचचं नाक खडकाला टेकवलं. "चला आबा."

"मी न्हाई येनार. माझी काहील आना."

"काहील त्या तिकडं गेली, काठाला. दिसतीय का?"

आबांनी बघितलं नाही. "माझ्या रानात हाय मी. पेरूनच येनार."

तोवर बाई खाली उतरल्या होत्या. चपला लाँचमध्ये काढून, पाय जपून टाकत. चार पावलं गेल्या आणि थबकल्या. "कुणी उतरू नका! आबा, तुम्हीही हलू नका. पायाकडे बघा."

आबांच्या पावलापासून वीतभर अंतरावर खडीत तीन अंडी होती. घरटं नाही, काडी नाही, नुसता खोलगट खळगा, आणि अंडी खडीच्याच रंगाची. एकदा दिसली की मग सगळीकडे दिसू लागली. सगळं टेकाड अंड्यांचं होतं.

लाँचमधून एकजण म्हणाला, "मग पाटी हायच की. भरून घेऊ. दुष्काळात तेवढंच."

कुणी हसलं नाही. त्या दिवसांत हे हसण्यासारखं नव्हतंच. अर्ध्या लाँचने त्या पाटीकडे बघितलं, आणि मीही. बाईंचा चेहरा उतरला. भुकेल्या माणसाला काय शिकवायचं, हे त्यांच्या पुस्तकात नसावं. त्या फक्त म्हणाल्या, "पिलं उडायला महिना-दीड महिना लागेल. तेवढंच. मग ती आपणहून जातात."

"दीड म्हैना?" आबा उसळले. "तवर उन्हाळा सरंल, बाई. पुन्हा पानी चढंल. सगळं गेलं माझं, हे एवढं टकुरं वर आलंय. ते बी पाखरांना द्यू?"

 ह्यावर उठली ती हिराकाकू. पदर मागे टाकून सरळ पुढे आली.

आबांचे डोळे विस्फारले. "तू? तू हितं कशी?"

"आन् तुमी हितं कशे?" काकू म्हणाली. "ते ऱ्हाऊ द्या. पानी चढायच्या आदी आपल्याला घर हलवायला सवड दिली हुती का न्हाई?"

"दिली हुती."

"कमी पडली म्हून तुमी सायबाशी भांडला हुता का न्हाई?"

आबांनी पाटी खाली केली.

"मग ह्यांना द्या तेवढी सवड. ह्यांची लेकरं तर अजून अंड्यात हायेत."

आबांनी पायाजवळच्या अंड्यांकडे बघितलं. पक्षी वरून झेपा घेतच होते. मग त्यांनी बियाची पिशवी आणि कुदळ उचलली, पाटी पुन्हा डोक्यावर धरली आणि एकेक पाऊल बघून टाकत खाली आले. खडीतलं एकही अंडं फुटलं नाही. जो पाटी भरायला निघाला होता त्यानेच हात देऊन त्यांना लाँचमध्ये घेतलं.

आता निघायचं. पण एवढ्या वेळात वाऱ्याने लाँच आडवी ढकलली होती आणि बुडाखाली गाळ लागला होता. मी इंजिन उलटं घातलं. पंख्याने नुसता काळा चिखल उडाला. पुन्हा घातलं, लाँच आणखी रुतली. दुपारचा वारा वाढायला लागला होता. खाली ठिकठिकाणी खोडं होती, एखादं पत्र्यात घुसलं असतं तर भोक पडलं असतं. बाया पोरांना पोटाशी धरून बसल्या. पोहता न येणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी काय येतं, ते मी इथे लिहीत नाही.

"इंजन बंद करा," आबा मागून म्हणाले. "गाळात फिरून काय व्हनार?"

"आबा, मला माझं काम करू द्या."

"करा की. पन मिस्त्री, तुमची लाँच माझ्या हरभऱ्यात हुभी हाय."

मी वळून बघितलं. आबा सुकाणूजवळ येऊन उभे होते आणि पाण्याकडे असे बघत होते, जसं आपण आपल्या अंगणाकडे बघतो.

"हा बांध," त्यांनी बोट दाखवलं. मला नुसतं पाणी दिसत होतं. "त्याच्या वरनं जाऊ नका. बांबूनं डाव्या अंगाला रेटा. तिकडं उतार हाय, पावसाचं पानी त्या बाजूला जायाचं."

चार गड्यांनी बांबू लावले. लाँच हलली. सरकली. "आता थोडं फुडं. हितं आंबा हुता, तोडलाय पन खोड असनार. उजवीकडं घ्या. आता चालू करा इंजन. सरळ. आता मोटंची हीर. हितनं लई खोल हाय, बिनघोर जावा."

सगळी लाँच वाकून खाली बघू लागली. मी ओरडलो, पण ह्या वेळी मलाही बघायचं होतं. हिरवं पाणी, दुसरं काहीच नाही.

"सात परस खोल हीर, एकावर एक सात मानसं हुभी ऱ्हातील," आबा म्हणाले. "कवा आटली न्हाई. बारमाही पानी हुतं हिला."

मागून शाळेतली एक मुलगी निरागसपणे म्हणाली, "आत्ताही आहे की, आबा."

 मी आबांच्या तोंडाकडे बघितलं. ते तोंड आधी कोरडंच राहिलं. मग मिशा हलल्या, मग खांदे, आणि आबा असे हसले की त्यांना खांब धरावा लागला. "आत्ता बी हाय! लई हाय!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. काकू तोंडाला पदर लावून, बाई टोपी तोंडावर धरून, आणि मी सुकाणू सोडून.

त्या दिवसापासून आबा प्रत्येक सहलीला. बाई पाण्यातले जीव सांगायच्या आणि आबा पाण्याखालचं गाव. इथे कुंभाराची भट्टी, इथे तालीम, इथे पोळ्याला बैलं यायची. बाईंच्या मुलींनी त्यावरून तळ्याचा नकाशा केला. कुठे गाळाची जमीन, म्हणून कुठे मासे जास्त. कुठे खडक, म्हणून कुठे पक्षी बसतात. आबांनी तो नकाशा उलटा धरून बराच वेळ तपासला आणि म्हणाले, "बरोबर हाय. फक्त माझं रान जरा बारीक काढलंय."

कलिंगडाचं बी त्यांनी काठच्या गाळात लावलं. टेकाडाकडे कुणी जाऊ नये म्हणून स्वतः काठावर गोफण घेऊन बसायचे. अंड्यांसाठी एक-दोघे काहील घेऊन निघाले तर आबांनी त्यांच्या पुढच्या पाण्यात असे धोंडे मारले की ती काहील गोल गोल फिरत परत आली. "जल्मभर पाखरं हाकलली," मला म्हणाले, "आता पाखरांपायी मानसं हाकलतोय." तक्रारीचा सूर होता, पण चेहरा तसा नव्हता.

पिलं निघाली, धावू लागली, पाण्याच्या कडेला येऊ लागली. आम्ही लांब लाँच थांबवून बघायचो. आणि एका रविवारी टेकाड रिकामं दिसलं. काकू घाबरली. बाईंनी वर बोट दाखवलं. सगळं आभाळ लहानमोठ्या सुरयांनी भरलं होतं. खडी फोडणाऱ्या बाया टाळ्या वाजवत होत्या. आबांनी फाटका पटका काढून हवेत फिरवला, आणि लाँचमधले सगळे त्यांच्याबरोबर ओरडले. एवढा आनंद मी त्या वर्षात दुसरा बघितला नाही. त्या वर्षात बघायला मिळणारा तो बहुधा तेवढाच होता.

पुढच्या पावसाने तळं भरलं. बाईंचं लग्न ठरलं आणि त्या खानदेशात गेल्या. त्यांच्याशिवाय आम्ही काही रविवार रेटले, पण थेंब दाखवणारं कुणी नव्हतं. मग लाँच दुसऱ्या धरणाच्या कामावर न्यायचा हुकूम आला. बाईंकडून मी निदान पक्ष्यांची नावं तरी नीट शिकून घ्यायला हवी होती, ही हळहळ अजून वाटते. निम्मी विसरलो.

लाँच न्यायच्या आदल्या दिवशी आबा आणि काकू काठावर आले. "मिस्त्री, एकदा घरावर न्या," आबा म्हणाले. दुसरं कुणी नव्हतं. आबांनी दिशा सांगितली, मी गेलो. मध्ये एका जागी ते म्हणाले, "बस. हितंच." मी इंजिन बंद केलं.

वारा नव्हता. काकूने घरून आणलेली भाकरी कुस्करून पाण्यात टाकली. खालून मासे आले, गर्दी करून.

"भाकरी दारात पडलीय बग," आबा म्हणाले. "निंबाच्या खाली."

"निंब दाराच्या डाव्या अंगाला हुता," काकू म्हणाली. "हितं न्हाई."

"उजव्या."

"डाव्या. मी रोज त्याच्याखाली भांडी घासली. मला सांगताय?"

"आन् लावला कुनी? माझ्या बानं. उजव्या अंगाला."

"बाहेरनं येताना उजवा. घरातनं निघताना डावा."

"घरातनं निघताना कोन बगतं?"

"मीच बगत हुते, सकाळ-संध्याकाळ!"

मग गोठा कुठे होता ह्यावर. मग तुळशीवर. दोघांचे आवाज चढले, हात पाण्यावरून इकडेतिकडे फिरायला लागले. मध्येच दोघांनाही हसू फुटलं, आणि हसत हसत पुन्हा भांडू लागले. मी इंजिनाला टेकून बसलो. मला कुठे जायचं नव्हतं. त्यांचं भांडण संपेपर्यंत मी हँडलला हात लावला नाही.